पत्र येते, पण जात नाही : घरगुती मेल सर्व्हर आणि रिलेचा प्रश्न

घरातल्या एखाद्या जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या यंत्रावर मेल सर्व्हर उभारणाऱ्यांच्या अडचणी पाहिल्या, तर त्यांत एक असमतोल ठळकपणे दिसतो. इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असेल, तर बाहेरचे मेल फारशा खटपटीविना येऊ लागतात. घरातून बाहेर धाडलेले मेल मात्र वाटेत अडतात, नाकारले जाऊन परत येतात किंवा समोरच्याच्या स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडतात. सॉफ्टवेअर तेच, जोडणी तीच, तरीही एका दिशेची वाट मोकळी आणि दुसऱ्या दिशेची बंद असे का व्हावे, याचे उत्तर त्या यंत्रात शोधून सापडत नाही, कारण ते ई-मेलच्या गेल्या चार दशकांच्या इतिहासात आहे. ज्याच्याकडे डोमेन आहे त्या प्रत्येकाला मेल स्वीकारण्याचा अधिकार आजही आहे. मेल पाठवण्याचा अधिकार मात्र इतरांच्या विश्वासावर अवलंबून राहिला असून, घरगुती जोडणीच्या वाट्याला तो विश्वास सहसा येत नाही. बाहेर जाणारे मेल दुसऱ्या विश्वासार्ह सर्व्हरच्या हाती सोपवणे, म्हणजेच रिले वापरणे, हा त्यावरचा रूढ उपाय होय; परंतु हा उपाय करतानाही ठेचा लागतात, आणि त्या कोठे व का लागतात हे समजून घेण्यासाठी आधी मेलचा प्रवास पाहणे आवश्यक आहे.

एका मेलचा प्रवास

'मेल सर्व्हर' या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळी कामे येतात. पहिले काम वाहतुकीचे, म्हणजे मेल घेणे, पुढे पाठवणे आणि तो पोहोचेपर्यंत रांगेत सांभाळून ठेवणे, हे असून, विट्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला व १९९८मध्ये प्रसिद्ध झालेला पोस्टफिक्स किंवा फिलिप हेझल यांनी केंब्रिज विद्यापीठात १९९५मध्ये लिहिलेला एक्झिम असे प्रोग्रॅम ते करतात. दुसरे काम साठवणीचे, म्हणजे आलेली पत्रे पेटीत ठेवून ती फोनवरच्या किंवा संगणकावरच्या मेल-ॲपला दाखवणे, हे असून त्यासाठी डव्हकॉट हा प्रोग्रॅम बहुतेक घरगुती सर्व्हरांवर आढळतो. बाहेर जाणाऱ्या मेलचे दुखणे जवळजवळ नेहमीच पहिल्या कामाशी निगडित असते.

वाहतुकीची भाषा एसएमटीपी या नावाने ओळखली जाते. तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम क्रमांकाने नोंदवणारी जाहीर टिपणे. नंतर या नियमांत भर पडली, सुधारणाही झाल्या, पण मूळ सांगाडा तोच राहिला, आणि तो अक्षरशः दोन यंत्रांमधील प्रश्नोत्तरांचा आहे. पाठवणारा सर्व्हर प्रथम डीएनएसला, म्हणजे डोमेन-नावांवरून पत्ते सांगणाऱ्या जगभरच्या नोंदवहीला, विचारतो की अमुक डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यावयाचे. या नोंदीला एमएक्स म्हणतात आणि तिची पद्धत १९८६मध्ये ठरली. त्यानंतर तो त्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करतो; पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरील निरनिराळ्या सेवांना दिलेला क्रमांक. पलीकडून '२२०' या आकड्याने स्वागत झाले की पाठवणारा 'एहलो' असे म्हणून स्वतःचे नाव सांगतो, मग 'मेल फ्रॉम' या आज्ञेने पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, 'आरसीपीटी टू' या आज्ञेने घेणाऱ्याचा पत्ता देतो, 'डेटा' म्हणून मजकूर ओततो आणि एका ओळीवर केवळ एक पूर्णविराम देऊन मजकूर संपल्याचे कळवतो. प्रत्येक टप्प्यावर पलीकडचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो: २ने सुरू होणारे उत्तर होकाराचे, ३ने सुरू होणारे 'पुढे चला' असे सांगणारे, ४ने सुरू होणारे तात्पुरत्या नकाराचे आणि ५ने सुरू होणारे कायमच्या नकाराचे असते.

या संवादातली एक गोष्ट पुढील सर्व विवेचनाला आधारभूत आहे. 'मेल फ्रॉम' व 'आरसीपीटी टू' यांत दिलेले पत्ते हे पाकिटावरचे पत्ते असून, मेल उघडल्यावर वाचकाला दिसणारे प्रेषकाचे व प्राप्तकर्त्याचे नाव हे आतल्या पत्राच्या माथ्यावर लिहिलेले असते. या दोहोंत मेळ असलाच पाहिजे असे मूळ नियमांनी कोठेही म्हटलेले नाही, आणि तोतयेगिरीला वाव मिळाला तो नेमका येथेच.

मोकळ्या दारांचा काळ

आपल्या डोमेनसाठी नसलेला मेल स्वीकारून पुढे पोहोचवणे याला रिले करणे म्हणतात, आणि इंटरनेटच्या आरंभकाळात तो सौजन्याचा भाग मानला जाई. जोडण्या तुटक होत्या, अनेक संस्था दिवसातून ठरावीक वेळीच दूरध्वनीने जोडल्या जात, त्यामुळे मेल एका संस्थेकडून दुसरीकडे असा टप्प्याटप्प्याने सरकत असे. भारतातील शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेटचे सुरुवातीचे मेलही याच रीतीने फिरत, आणि मुंबईत जुहू येथे असलेली एनसीएसटी ही संस्था त्या साखळीतील एक मुख्य कडी होती. अशा जगात कोणाचाही मेल कोणीही पुढे न्यावा, ओळखपाळख विचारू नये, हीच रीत सोयीची होती.

१९९०च्या दशकात व्यापारी जाहिरातदारांनी या सौजन्याचा फायदा उठवला. कोणाचाही मेल स्वीकारणाऱ्या मोकळ्या रिलेला एकच मजकूर व हजारो पत्त्यांची यादी दिली की वितरणाचा सारा खर्च त्या बिचाऱ्या संस्थेच्या माथी बसे, आणि खरा पाठवणारा नामानिराळा राही. त्यावर प्रतिक्रिया म्हणून उपद्रवी सर्व्हरांच्या काळ्या याद्या निघाल्या. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८मध्ये स्थापन केलेली स्पॅमहाउस ही संस्था त्यांपैकी आज सर्वाधिक परिचित आहे. सर्व्हरचालकांनी परक्यांसाठी रिले बंद ठेवावा, अशी स्पष्ट शिफारस फेब्रुवारी १९९९मध्ये आरएफसी २५०५ने केली, आणि त्याच सुमारास वापरकर्त्याने आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवण्यासाठी ५८७ हे वेगळे पोर्ट ठरवण्यात आले, तसेच त्या वेळी नाव व पासवर्ड देऊन ओळख पटवण्याची रीतही प्रमाणित झाली. एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल देणे आणि माणसाने आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवणे, हे दोन व्यवहार येथून वेगळे झाले, आणि घरगुती सर्व्हरच्या प्रश्नाची व उत्तराची बीजे या विभाजनातच आहेत.

मोकळे रिले मिटल्यावर स्पॅम पाठवणाऱ्यांनी घरोघरच्या संगणकांकडे मोर्चा वळवला. २००३मध्ये पसरलेल्या सोबिगसारख्या विषाणूंनी सामान्य माणसांचे संगणक नकळत स्पॅमचे वाहक बनवले, आणि परिणामी घरगुती जोडणीवरून थेट पोर्ट २५वर येणारा मेल म्हणजे बहुधा स्पॅमच, असा समज जगभरच्या मेलचालकांमध्ये दृढ झाला. तो समज अन्यायकारक असला तरी निराधार नव्हता.

घरच्या पत्त्यावरचा अविश्वास

या समजाचे आज चार अडथळे झाले आहेत. पहिला अडथळा इंटरनेट पुरवठादाराचा असतो: अनेक पुरवठादार घरगुती ग्राहकांकडून बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि भाड्याने सर्व्हर देणाऱ्या मोठ्या क्लाउड कंपन्यांपैकीही बऱ्याच जणी नव्या खात्यांना ते मोकळे देत नाहीत. दुसरा अडथळा याद्यांचा असतो. स्पॅमहाउसच्या पीबीएल या यादीत ज्या आयपी पत्त्यांवरून थेट मेल येणे अपेक्षित नाही अशा पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे असतात, आणि त्यांतील पुष्कळ नोंदी पुरवठादारांनी स्वतःहून दिलेल्या असतात. त्यामुळे या यादीत आपला पत्ता सापडला म्हणजे आपल्यावर स्पॅमचा आरोप आहे असे नव्हे, तर हा पत्ता घरगुती वर्गातला आहे एवढाच त्याचा अर्थ होतो.

तिसरा अडथळा उलट नोंदीचा आहे. डोमेनवरून आयपी पत्ता काढणे ही डीएनएसची सुलट बाजू झाली. आयपी पत्त्यावरून नाव काढणे ही उलट बाजू, आणि तिला पीटीआर नोंद म्हणतात. मोठ्या मेलसेवा पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीला पीटीआर आहे का आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी निघतो का, हे तपासतात. डोमेन स्वतःचे असले तरी आयपी पत्ता पुरवठादाराचा असल्याने ही नोंद पुरवठादारच बदलू शकतो, आणि स्थिर आयपी घेतलेल्या ग्राहकांखेरीज इतरांसाठी ती सहसा बदलून मिळत नाही. ज्या घरी आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, सुरू आहे तेथे हा दोष आणखी लपून बसतो, कारण सर्व्हर आपण होऊन आयपीव्ही६ने मेल पाठवू लागतो, त्या पत्त्याला पीटीआर नसतो, आणि काही मेल पोहोचतात व काही नाकारले जातात असा चकवा निर्माण होतो.

चौथा अडथळा सीजीनॅटचा आहे, आणि भारतात मोबाइल व स्थानिक केबल-इंटरनेटच्या ग्राहकांना तो वारंवार भेटतो. आयपीव्ही४ पत्त्यांच्या टंचाईमुळे पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतो, आणि राउटरच्या वाट्याला १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आतला पत्ता येतो; हा पट्टा २०१२मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा घरी बाहेरून येणारा मेलही पोहोचू शकत नाही, आणि स्थिर आयपी विकत घेणे किंवा बाहेर भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरपासून घरापर्यंत वायरगार्डसारखा बंदिस्त बोगदा टाकणे, एवढेच पर्याय उरतात. वीज जाण्याची भीती त्या मानाने किरकोळ आहे, कारण घरचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणाऱ्याने निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असे एसएमटीपीचे नियमच सांगतात.

रिले : मधला मार्ग

या चारही अडथळ्यांशी झुंजण्याऐवजी बाहेर जाणारे सर्व मेल एका मान्यताप्राप्त सर्व्हरकडे सोपवणे म्हणजे रिले वापरणे. तो सर्व्हर पुरवठादाराचा, डोमेन जेथे नोंदवले त्या कंपनीचा, मेल पाठवण्याचाच व्यवसाय करणाऱ्या एखाद्या सेवेचा किंवा स्वतः भाड्याने घेतलेला असू शकतो. घरचा सर्व्हर येथे दुसऱ्या सर्व्हरला मेल देणारा समकक्ष राहत नाही; तो नाव व पासवर्ड दाखवणारा ग्राहक होतो, आणि म्हणून पोर्ट २५च्या जागी ५८७ किंवा ४६५ वापरतो. ५८७वर संवाद साध्या मजकुरात सुरू होतो आणि 'स्टार्टटीएलएस' या आज्ञेनंतर कूटबद्ध होतो, तर ४६५वर पहिल्या क्षणापासूनच तो कूटबद्ध असतो. हा फरक क्षुल्लक वाटला तरी पुष्कळ घोटाळे याच्याच पोटी जन्मतात.

पोस्टफिक्समध्ये यासाठी 'रिलेहोस्ट' ही ओळ लिहावी लागते. तीत रिलेचे नाव चौकोनी कंसांत आणि त्यापुढे अपूर्णविराम देऊन पोर्टचा क्रमांक येतो. कंस असतील तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद न शोधता थेट त्या यंत्राकडे जातो. कंस वगळले तर तो एमएक्स शोधतो आणि त्या कंपनीच्या मेल घेणाऱ्या, म्हणजे भलत्याच सर्व्हरपुढे जाऊन उभा राहू शकतो. त्याखेरीज ओळख पटवण्याची सोय चालू करणे, पासवर्डची फाइल दाखवणे आणि कूटलेखन सक्तीचे करणे अशा आणखी तीन-चार ओळी लागतात.

संवाद नेमका कोठे तुटला

रिले लावूनही मेल जात नसेल, तर सेटिंग्ज अंदाजाने बदलत बसण्यापेक्षा लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली कामाची नोंदवही, वाचणे श्रेयस्कर ठरते. पोस्टफिक्सच्या लॉगमधील अपयशाची ओळ तीन गोष्टी सांगते: कोणत्या सर्व्हरने नकार दिला, कोणत्या आकड्याने व शब्दांनी दिला, आणि कोणत्या आज्ञेला उत्तर म्हणून दिला. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची असूनही ओळीच्या शेवटी कंसात येत असल्याने तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

जोडणीच झाली नाही, तर दोन शक्यता असतात. 'कनेक्शन टाइम्ड आउट' असे दिसले, तर वाटेत कोणीतरी पाकिटे गुपचूप टाकून देत आहे, म्हणजे बहुधा पुरवठादाराने पोर्ट बंद केले आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे दिसले, तर पलीकडचे यंत्र पोहोचण्याजोगे असून त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, म्हणजे बहुधा पोर्टचा आकडा किंवा नाव चुकले आहे. हे पडताळण्यासाठी टेलनेट किंवा नेटकॅट या साध्या साधनाने एखाद्या परिचित मेलसेवेच्या पोर्ट २५वर आणि रिलेच्या ५८७वर हाताने जोडणी करून पाहावी. पहिली निरुत्तर राहिली आणि दुसरीवर '२२०'चे स्वागत आले, की पोर्ट २५ अडवल्याचे निदान जवळजवळ पक्के होते. जोडणी होऊनही स्वागताची ओळच येत नसेल आणि पोर्ट ४६५ असेल, तर घरचा सर्व्हर साध्या मजकुराची वाट पाहत आहे व रिले कूटबद्ध सुरुवातीची, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत थांबले आहेत, असे समजावे. पोस्टफिक्सच्या ३.० व पुढील आवृत्त्यांत 'रॅपरमोड' हा पर्याय चालू केला की ही कोंडी फुटते.

'एहलो'नंतर रिले आपण काय काय करू शकतो याची यादी वाचून दाखवतो, आणि बऱ्याच रिलेंच्या यादीत ओळख पटवण्याची सोय, म्हणजे 'ऑथ', कूटलेखन सुरू होईपर्यंत नसते, कारण पासवर्ड उघड्यावर जाऊ नये अशी त्यांची भूमिका असते. अशा वेळी घरच्या सर्व्हरवर कूटलेखन बंद राहिले असेल, तर त्याला 'ऑथ' दिसतच नाही, तो ओळख न पटवता तसाच पुढे जातो, आणि दोन टप्प्यांनंतर 'आरसीपीटी टू'ला उत्तर म्हणून '५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड' असा नकार येतो. नकाराचे शब्द रिलेच्या परवानगीबद्दल बोलत असले तरी मूळ दोष कूटलेखनाच्या ओळीत असतो. असाच फसवा नकार पासवर्डच्या फाइलमुळेही येतो: त्या फाइलमधील रिलेचे नाव 'रिलेहोस्ट'मधील नावाशी कंस व पोर्टसह अक्षर-न्-अक्षर जुळले नाही, किंवा फाइल बदलल्यावर 'पोस्टमॅप' ही आज्ञा चालवून तिची अनुक्रमणिका नव्याने बनवली नाही, तर पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही, आणि तो ओळखीविना पुढे सरकतो.

ओळख पटवण्याच्या टप्प्यावर '५३५' आला, तर मात्र पासवर्ड रिलेपर्यंत पोहोचला व नाकारला गेला, हे निश्चित होते. २०२२मध्ये गुगलने व्यक्तिगत खात्यांसाठी केवळ नेहमीचा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमने आत येण्याची जुनी सोय बंद केली. तेव्हापासून द्विस्तरीय पडताळणी सुरू करून वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो, आणि वर्षानुवर्षे चाललेले सर्व्हर त्या वेळी '५३५' मिळून थांबले. पासवर्ड बरोबर असूनही ओळखीची कोणतीच पद्धत उपलब्ध नाही असे लॉग म्हणत असेल, तर डेबियन किंवा उबुंटूवर एसएएसएल या ओळखव्यवस्थेचे पूरक पॅकेज बसवायचे राहिलेले असते.

'मेल फ्रॉम'ला नकार आला, तर पाठवणाऱ्याचा पाकिटावरील पत्ता रिलेला मान्य नाही. घरातले यंत्र स्वतःहून जे मेल पाठवते, उदाहरणार्थ बॅकअप झाल्याची किंवा डिस्क भरत आल्याची सूचना, ते 'रूट@रास्पबेरीपाय' अशा बाहेरच्या जगात अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावरून निघतात, आणि माणसाचे मेल व्यवस्थित जात असताना यंत्राचे मेल तेवढे अडतात. पोस्टफिक्सची 'जेनेरिक मॅप्स' ही सोय अशा आतल्या पत्त्यांच्या जागी बाहेर जाताना खरा पत्ता घालते. जीमेलचा सर्व्हर रिले म्हणून वापरल्यास उलटा प्रकार घडतो: तो नकार देत नाही, पण खात्यात नोंदवलेला नसलेला प्रेषकाचा पत्ता बदलून तेथे खात्याचाच पत्ता घालतो, आणि आपल्या डोमेनवरून धाडलेले पत्र समोरच्याला जीमेलच्या पत्त्यावरून आलेले दिसते.

'रिले ॲक्सेस डिनाइड' हे शब्द कोण बोलले, हेही तपासावे लागते. घराबाहेर असलेल्या फोनवरून मेल पाठवताना ते शब्द फोनवर दिसले, तर नकार बाहेरच्या रिलेने दिलेला नसून घरच्याच सर्व्हरने दिलेला असतो, कारण घरातल्या जाळ्याबाहेरून आलेल्या अनोळखी ग्राहकासाठी रिले न करणे हे त्याचे कर्तव्यच आहे. अशा वेळी संतापून परवानगीच्या पत्त्यांचा पट्टा रुंदावणे धोक्याचे असते, कारण तसे करण्याने घरचा सर्व्हर मोकळा रिले होतो, आणि स्पॅम पाठवणारे प्रोग्रॅम अशी दारे सतत ठोठावून पाहत असतात. फोनसाठी ५८७ किंवा ४६५ पोर्ट उघडून तेथे पासवर्डची सक्ती करणे हाच योग्य मार्ग होय.

मजकूर संपल्यावर आलेला नकार आशयाशी किंवा प्रेषकाच्या प्रामाण्याशी संबंधित असतो. ४ने सुरू होणारे नकार मात्र वेगळ्या जातीचे आहेत: दर तासाची मर्यादा ओलांडली गेली असेल किंवा समोरचा सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम 'नंतर या' म्हणत असेल, तर मेल रांगेत राहून आपोआप पुन्हा पाठवला जातो, आणि रांग हाताने वारंवार ढकलण्याने मर्यादेची अडचण वाढतेच. शिवाय लॉगमध्ये 'सेंट' असे दिसले, तरी त्याचा अर्थ मेल रिलेने स्वीकारला एवढाच असतो. पुढचा नकार नंतर परतीच्या मेलाने पाकिटावरील पत्त्यावर येतो, म्हणून तो पत्ता खरा व वाचला जाणारा असावा लागतो.

डोमेनची ओळखपत्रे

रिलेच्या आयपी पत्त्याला जगाचा विश्वास असला, तरी त्याने आणलेला मेल खरोखर त्या डोमेनधारकाचा आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी डीएनएसमध्ये तीन नोंदी लागतात. एसपीएफ ही आपल्या डोमेनतर्फे मेल पाठवण्यास मुभा असलेल्या सर्व्हरांची जाहीर यादी असून ती पाकिटावरील पत्त्याशी ताडली जाते. रिले बदलला की ती बदलावी लागते, एका डोमेनला अशी एकच नोंद चालते, आणि ती तपासताना दहाहून अधिक डीएनएस-शोध लागत असतील तर ती बाद ठरते. डीकेआयएम ही मेलवर केलेली अंकीय स्वाक्षरी असून तिची गुप्त किल्ली सर्व्हरवर आणि जाहीर किल्ली डीएनएसमध्ये असते. डीएमएआरसी ही तिसरी नोंद, आधीच्या दोहोंपैकी निदान एकीने वाचकाला दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनची खातरजमा केली आहे का हे पाहते, आणि केली नसल्यास मेलचे काय करावे याची डोमेनधारकाची इच्छा जाहीर करते. पाकीट आणि पत्र यांत मेळ असण्याची जी अट १९८२च्या नियमांत नव्हती, ती तीन दशकांहून अधिक काळाने या मार्गाने आली.

फेब्रुवारी २०२४पासून गुगलने जीमेलकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक, आणि दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून तिन्ही नोंदी मागितल्या आहेत. घरगुती सर्व्हर त्या संख्येच्या आसपासही जात नाही, परंतु रिले वापरणाऱ्याने तिन्ही नोंदी ठेवणे हिताचे आहे, कारण काही रिले परतीचे मेल स्वतःकडे यावेत म्हणून पाकिटावरील पत्ता बदलतात आणि त्यामुळे एसपीएफची साक्ष रिलेच्या डोमेनच्या नावे जमा होते. अशा वेळी मेलची भिस्त स्वाक्षरीवरच असते, आणि ती स्वाक्षरी मेल रिलेकडे जाण्यापूर्वी घरच्याच सर्व्हरवर केली, तर गुप्त किल्ली कोणाच्या हाती द्यावी लागत नाही. रिलेने मजकुराच्या तळाशी जाहिरातीची ओळ जोडली, तर मात्र स्वाक्षरी मोडते. रिले निवडताना ही बाब आधी विचारून घ्यावी.

देवनागरी पत्त्यांची कसोटी

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने रिलेची आणखी एक परीक्षा आहे. ऑगस्ट २०१४मध्ये '.भारत' हे देवनागरी डोमेन खुले झाले आणि ते वापरून मराठीतही मेलचा पत्ता घेता येतो. मेलचा विषय किंवा मजकूर मराठीत असला तर जुन्या व्यवस्थेला काहीच अडचण येत नाही, कारण ती अक्षरे संकेतांत बदलून वाहून नेण्याची रीत फार पूर्वीपासून आहे. परंतु पाकिटावरील पत्त्यात '@' या चिन्हाच्या आधीचे नाव देवनागरीत असेल, तर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ ही २०१२मध्ये प्रमाणित झालेली सोय असावी लागते. पोस्टफिक्सला ती २०१५च्या ३.० आवृत्तीपासून आहे. घरचा सर्व्हर सक्षम आणि घेणारा सर्व्हरही सक्षम, पण मधल्या रिलेच्या 'एहलो'च्या यादीत ही सोय नाही, असे असेल तर मेल पुढे न जाता परत येतो. देवनागरी पत्त्यांवर लिहू इच्छिणाऱ्याने म्हणून रिलेशी करार करण्याआधी ती यादी हाताने जोडणी करून वाचलेली बरी.

काय सोपवले आणि काय राखले

रिले घेणे म्हणजे स्वायत्तता गमावणे, अशी टीका घरगुती सर्व्हरच्या कट्टर पुरस्कर्त्यांकडून होते, आणि तिच्यात तथ्य आहे. कूटलेखन दर टप्प्यावर उलगडते व पुन्हा होते, त्यामुळे मजकूर स्वतंत्रपणे कूटबद्ध केलेला नसेल तर रिलेचालकाला बाहेर जाणारे मेल वाचता येतात. कोणी कोणास केव्हा लिहिले याची नोंद तर त्याच्याकडे राहतेच. आणि त्याच्या मर्यादा व दर मान्य करावे लागतात. परंतु आलेली पत्रे, जुना संग्रह, पत्त्यांची रचना आणि स्वाक्षरीची किल्ली हे सर्व घरातच राहते, आणि मेलच्या खासगीपणाचा मोठा भाग वर्षानुवर्षे साठलेल्या पेटीत असतो. तत्त्वासाठी थेट पाठवण्याचा आग्रह धरणाऱ्याला स्थिर आयपी, पीटीआर आणि यादीतून नाव काढून घेण्याचा मार्ग मोकळा आहे. मात्र ज्याचे मेल घरच्यांना, बँकेला आणि कार्यालयाला खात्रीने पोहोचायला हवेत, त्याने येणारे मेल घरी घ्यावेत व जाणारे रिलेकडे द्यावेत, ही विभागणी अधिक व्यवहार्य आहे.

ही विभागणी सुरक्षित राहते ती डोमेन स्वतःच्या मालकीचे असल्यामुळे. रिलेने दर वाढवले, सेवा बंद केली किंवा मजकुरात ढवळाढवळ केली, तर 'रिलेहोस्ट'ची ओळ, पासवर्ड आणि एसपीएफची नोंद बदलून दुसरा रिले धरता येतो, आणि पत्र लिहिणाऱ्या कोणालाही नवा पत्ता कळवावा लागत नाही. डोमेनच हातचे गेले तर मात्र ते पुढे नोंदवणाऱ्याकडे सारे मेल जाऊ लागतात, आणि त्यांत पासवर्ड बदलण्याचे दुवेही असतात. घरगुती मेल सर्व्हर चालवणाऱ्याने म्हणूनच रिले आणि लॉग यांच्याकडे वळण्यापूर्वी डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आणि डीएनएसच्या खात्याचा पासवर्ड सांभाळावा, आणि त्या खात्याची सूचना जाणारा पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नये.